मेलेल्या कोंबड्या पुरायच्या कुठं: आम्हा पाच शेडवाल्यांच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून लिहायला सुरुवात. चिक्कबळ्ळापूर आणि बळ्ळारीकडं बर्ड फ्लू निघालाय, कालपासून फोनवर दुसरं काही नाहीच. जानेवारीत उदगीरला कावळे मेले तेव्हा आम्ही लातूर लांब आहे म्हटलं, मग उरणजवळ चिरनेरला कोंबड्या, मग फेब्रुवारीत आंध्रात गोदावरी जिल्ह्यांत, ते पण लांबच. आता वरून महाराष्ट्र, खालून कर्नाटक आणि मधी आपलं बेळगाव, लांब म्हणायला दिशाच राहिली नाही.

संध्याकाळी टपरीवर पाचही शेडवाले बसलो. माझं शेड ५,००० चं, तिघांची चार-चार हजाराची, मामांचं ६,००० चं, सगळी भरलेली धरली तर २३,००० पक्षी होतात. बोलणं सगळं रेट किती पडला ह्यावरच. मामा मात्र गप्प होते. २००६ ला नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा ते त्या बाजूला अंड्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. म्हणाले, "मारायला माणसं येतात रे, सरकार पाठवतंय. पुरायचं कुठं ह्याच्यावर भांडणं होतात, आणि तोवर मेलेलं कोंबडं तिथंच उन्हात पडून राहतंय."

मग कुणीतरी म्हणालं ह्याचा डिप्लोमा सिव्हिल झालाय, खड्ड्याचं ह्यालाच बघू दे. शेड टाकल्यापासून माझ्या डिप्लोम्याची आठवण कुणाला झाली असेल तर ती आज, ती पण खड्डा काढायला. बरं.

९ मार्च, रविवार

वेटर्नरी डॉक्टरांना भेटून आलो. कन्नड माणूस पण मराठी चांगलं बोलतात, मधीच अडकले की आम्ही कन्नडमध्ये जातो, तसं जमतंय. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की तुम्ही स्वतः काहीही करायचं नाही. अचानक मर वाढली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मेलेला पक्षी फाडून बघायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, ओढ्यात तर अजिबात टाकायचा नाही, गेट बंद करून त्यांना फोन. सॅम्पल भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबला जातं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पुढचं सगळं सरकारी पथक करतंय. शेडपासून १ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, १० किलोमीटरपर्यंत देखरेख.

मग आम्ही काय करायचं म्हणून विचारलं तर हसले. "जागा दाखवा. जागा तयार असली की माझं निम्मं टेन्शन गेलं."

पैशाचं पण विचारलं. भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी निम्मी देतात पण ती पथकानं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे चार दिवस लपवून बघू म्हणणारा स्वतःच्याच खिशाला भोक पाडतोय. हे मी ग्रुपवर ठळक करून टाकलं कारण आमच्यातले दोघंजण तरी लपवणारे आहेत, नाव लिहीत नाही, त्यांना कळलं असेल.

फॉर्मचा नमुना आणला, कन्नडमध्ये आहे. वर "हक्की ज्वर" लिहिलंय. आप्पांना वाचून दाखवला तर म्हणाले हक्की म्हणजे पाखरू, ज्वर आपलाच, एवढं तर मला पण कळतंय.

१२ मार्च

हिशोब. आधी माझ्या एकट्याच्या शेडचा, मग तोच बाकीच्यांना लावायचा.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे लिफ्टिंगच्या (तयार पक्षी गाडीत भरून न्यायच्या) आदल्या दिवशी, पक्षी सरासरी २.२ किलो. ५,००० गुणिले २.२ म्हणजे ११ टन. मेलेली कोंबडी खड्ड्यात गच्च बसत नाही, मधी हवा राहते, म्हणून एका घनमीटरला ४०० किलो धरलं (डॉक्टरांकडचा ठोकताळा, २ मीटर लांब रुंद खोल खड्ड्याला १,८०० पक्षी, साधारण तेवढाच येतो). ११ टनाला २७-२८ घनमीटर. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढं विसरतात ते म्हणजे लिटर, पक्ष्यांच्या पायाखाली पसरलेलं विष्ठा मिसळलेलं तूस. विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, म्हणजे शेडमधलं सगळं तूस पण कोंबडीइतकंच धोक्याचं, ते शेतात खत म्हणून टाकता येत नाही. बॅचच्या शेवटी ते सहा-सात टन असतं, १५ घनमीटर धरा. वर उरलेलं फीड, फुटके ट्रे, पोती. सगळं मिळून ४५ घनमीटर.

आता खड्डा. रुंदी २ मीटरच ठेवायची, जेसीबीला कडेला उभं राहून सरळ टाकता येतं. माल दीड मीटर जाडीचा, वर दीड मीटर माती, म्हणजे खोली ३ मीटर. लांबी ४५ भागिले ३ (२ गुणिले दीड), बरोबर १५ मीटर. आपल्या भाषेत साडेसहा फूट रुंद, पन्नास फूट लांब, दहा फूट खोल. फक्त माझ्या एकट्याच्या शेडला. पाच शेडचं म्हटलं तर दोनशे तीस फूट लांब चर. हा आकडा सांगितल्यावर टपरीवर पहिल्यांदा शांतता झाली.

चुन्याबद्दल एक. सगळ्यांना वाटतं कोंबड्यांवर चुनकळी ओतली की झालं. तसं नाही, थेट अंगावर भरपूर चुना घातला तर कुजायचंच थांबतं, सहा महिन्यांनी उकरलं तर तशीच मिळतील. आधी दीड फूट माती, मग विरलेल्या चुन्याचा सलग थर, मग बाकीची माती. चुना गांडुळं आणि कुत्री वर येऊ नयेत, खाली जाऊ नयेत म्हणून. आणि वरची माती रोलरनं दाबायची नाही, आत गॅस होतो तो कुठूनतरी फुटतोच, नुसता उंचवटा करून ठेवायचा, तो आपोआप बसतो.

१६ मार्च

नकाशावर वर्तुळं मारली. १ किलोमीटरचं वर्तुळ आमच्या गावात बसतं, जुनी गल्ली पूर्ण आणि शेजारच्या गावाची चार घरं. १० किलोमीटरचं मारल्यावर मजा. बेळगाव तालुक्याचा बराच भाग, थोडं खानापूर, आणि पश्चिमेकडचा मोठा तुकडा चंदगडात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. आप्पा चष्मा लावून बघत होते, म्हणाले सीमाप्रश्नात महाजन आयोगानं पण एवढी गोल रेघ मारली नव्हती.

गंमत सोडली तरी कामाची गोष्ट आहे. इथलं खातं बेंगळूरला कळवणार, तिकडचं पुण्याला. आमच्यातल्या एकाची फीडची गाडी शिनोळीवरून येते, पिल्लं एका बॅचला गडहिंग्लजकडून आलेली. नाका बंद झाला तर दोन्हीकडचे अडकणार. चंदगडच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर मिळवून आमच्या डॉक्टरांना दिला, त्यांच्याकडं नव्हता.

२३ मार्च, रविवार

जागा बघायला बाहेर पडलो. माझ्या शेडच्या मागं ओढ्याच्या बाजूला आमचं दहा गुंठ्याचं पड आहे, माती मऊ, जेसीबीला रस्ता आहे, वरून वायरी नाहीत, शेडमधनं तिथं जाताना गावचा रस्ता ओलांडायला लागत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर गळकी ट्रॉली गावातून फिरणार. कागदावर एकदम फस्क्लास. मी टेप लावून खुंट्या मारत होतो तोवर बांधावरून तात्या आले.

तात्या म्हणजे बाजूच्या शेताचे मालक, आप्पांचे वर्गमित्र. "काय मोजतोयस बाळा?" सांगितलं. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाले, "कोंबड्या तुझ्या, पैसे तुला, आणि पाणी माझ्या विहिरीला होय?"

विहीर खुंटीपासून ७० मीटरवर निघाली. आम्ही स्वतःच विहिरीपासून १०० मीटर ठरवलेलं. मी म्हटलं तात्या, पाणी आता बावीस फुटावर आहे, खड्डा दहाच फूट, मधी बारा फूट माती आहे की. ते म्हणाले, "आता मार्च आहे. श्रावणात ये आणि हेच सांग."

मला वाटलं म्हातारं उगाच अडवतंय. लिहून ठेवतो, कारण पुढं ह्याच्यावर परत यायला लागणार असं वाटतंय.

३० मार्च, पाडवा

काम नाही. श्रीखंड. चिकनचा रेट अजून पडलेलाच, लोक खायला घाबरतात, नीट शिजवलं तर काही होत नाही हे पाहुण्यांना सांगून सांगून तोंड दुखलं.

५ एप्रिल

विहिरी मोजल्या. शेडांच्या आसपासच्या अकरा विहिरी आणि चार बोअर. दोरीला दगड बांधून सोडायचा, भिजलेल्या खुणेपर्यंत दोरी मोजायची, ह्याच्यापेक्षा भारी मशीन नाही. ओढ्याच्या बाजूला १९ ते २४ फूट, माळाच्या बाजूला ४० च्या खाली. प्रत्येक मालकाला विचारलं पावसात कुठवर येतं. सगळ्यांनी हातानं दाखवलं, काठाला हात लागतो म्हणून. तीन विहिरी तर जुलैत भरून वाहतात.

नियम असा आहे की खड्ड्याचा तळ पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा निदान एक मीटर वर पाहिजे. आजच्या पातळीपेक्षा नव्हे, सगळ्यात वरच्या. पूर्वेला सौंदत्तीकडं काळ्या रानात पाऊस कमी, तिथलं गणित वेगळं पडेल. आपण घाटाच्या अंगाला आहोत, इथं पावसाळ्यात जमीन म्हणजे भिजलेला पाव.

१३ एप्रिल, रविवार

चाचणी खड्डा. तात्यांशी वाद घालण्यापेक्षा काढूनच बघू म्हटलं, त्याच पडात पण विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात, ११० मीटरवर. ८ बाय ८ फूट, दहा फूट खोल. जेसीबीवाला बागलकोटचा पोरगा, त्याला कशासाठी ते सांगितलं तर म्हणाला अण्णा, रोग आलाय का आधी सांगा, मग मी मशीन आत घालतो. बरोबरच आहे त्याचं.

वर दीड फूट तांबडी माती, मग सहा फुटांपर्यंत जांभा, थोडा कडक पण बकेट चालली, त्याच्या खाली पिवळट पांढरी चिकण माती, बोटाला लागली की निघत नाही अशी. तळ कोरडा ठणठणीत. मी फोटो काढून तात्यांना दाखवला. त्यांनी बघितला आणि मोबाईल परत दिला, काही बोलले नाहीत.

खड्ड्याभोवती दोन फुटी बांध घातला, वर बांबूवर ताडपत्री, कुंपण. बुजवला नाही. पावसापर्यंत ठेवायचा असं ठरलं, मामांचा आग्रह.

१९ एप्रिल

कंपनीच्या सुपरवायझरबरोबर मीटिंग. आम्ही पाचही जण कॉन्ट्रॅक्टवर आहोत, पिल्लं त्यांची, फीड त्यांचं, औषध त्यांचं, शेड वीज पाणी मजुरी आमची. प्रश्न साधा होता, पक्षी तुमचे, शेड आमचं, तर खड्डा कुणाचा? जेसीबी, चुना, पीपीई किट ह्याचा खर्च कुणी करायचा आणि भरपाई आली तर कुणाच्या खात्यावर? त्यानं वरती विचारून सांगतो म्हटलं. बिचाऱ्याचा दोष नाही, पण ॲग्रीमेंटच्या सतरा पानांत मेलेल्या पक्ष्याचं वजन कसं धरायचं हे आहे आणि तो कुठं जाणार हे नाही.

तोवर आम्ही दर शेडला दोन हजार रुपये गोळा करून ठेवलेत. गमबूट, ग्लोव्हज, एन-९५ मास्क, गॉगल, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर. विषाणूवर चरबीचं आवरण असतं त्यामुळं साधा साबण पण त्याला चालतो, हे पीएचसीच्या (सरकारी आरोग्य केंद्राच्या) डॉक्टर मॅडमनी सांगितलं. पथकातल्या माणसांना टॅमीफ्लूची (फ्लूवरच्या औषधाची) गोळी आणि नंतर दहा दिवस ताप खोकल्यावर लक्ष, हे त्यांच्याकडचं काम, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

२७ एप्रिल

गावठी कोंबड्यांची मोजणी. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या गडबडीत पोरं मिळत नव्हती, शेवटी वहिनी आणि बचत गटाच्या दोघी आल्या म्हणून झालं. खरं तर त्यांनीच केलं, मला कुणी खुराड्यापर्यंत पण जाऊ देत नव्हतं.

१ किलोमीटरच्या वर्तुळात १३८ घरं, त्यातल्या ९१ घरांत कोंबड्या, एकूण ६४० च्या आसपास. आसपास म्हणतोय कारण डालग्याखाली किती हे कुणी खरं सांगत नाही. वळचणीला बसलेली एक आजी म्हणाली, "तुमच्या शेडात रोग आला तर माझ्या तलंगा मारणार? माझी खुडूक अंड्यावर बसलीय, तिला पण?" वहिनींनी समजावलं की हो, रोग लागलेली एक जरी राहिली तर परत पहिल्यापासून, आणि मारलेल्याचे पैसे मिळतात. आजी म्हणाली, "पैशाला खुडूक बसतंय होय अंड्यावर?"

ह्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. वहीत आजीच्या घरासमोर ७ आणि १ खुडूक असं लिहिलं.

वजनानं ह्या कोंबड्या पाऊण एक टन, खड्ड्याला दोन घनमीटर वाढले, पण माणसं जास्त लागणार, घरोघर जायचं म्हणजे शेडपेक्षा वेळ जास्त. पोती बंद करून, वरून प्लास्टिक, एका पोत्यात दहाच्या वर नको, नाहीतर उचलताना फाटतात.

४ मे

खड्डा सोडून दुसरा मार्ग असावा म्हणून कंपोस्टची चाचणी. जाळून टाकणं आधीच बाद केलं, ११ टन कोंबड्या उघड्यावर जाळायला लाकूड किती लागेल ह्याचा विचारच नको, शिवाय धूर आणि अर्धवट जळलेली पिसं गावभर. कंपोस्ट म्हणजे मेलेला पक्षी तूस-लिटरमध्ये थर देऊन रचायचा, आतली उष्णता वाढते, ५६ अंशाला तीन तासांत आणि ६० ला अर्ध्या तासात विषाणू मरतो. ढिगाच्या आत ५५ च्या वर सलग तीन दिवस मिळाले की विषाणूचं काम झालं समजायचं.

चाचणीला रोजच्या साध्या मरीचे पक्षी वापरले, उन्हानं रोज आठ-दहा जातातच. जुन्या फळ्यांचा ४ बाय ४ फुटाचा कप्पा, खाली फूटभर तूस, मग पक्षी एकमेकाला न चिकटता, मग लिटर, असं करत वर फूटभर तुसाचं पांघरूण. लांब दांड्याचा थर्मामीटर मागवला.

८ मे

४१ अंश. कालपण ४१. वर कुठं सरकायचं नाव नाही, आणि वास.

९ मे

उकरून बघितलं. तूस कोरडंच्या कोरडं. भाताच्या तुसाला पाणी धरत नाही, वरून घातलेलं सगळं खाली निथळून गेलेलं आणि तळाशी चिखल झाला, वर कोरडं खाली चिखल, मधी कोंबडी तशीच. मजूर म्हणाला गुऱ्हाळावर चिपाडं पडलीत ती घाला. चिपाडाचा चुरा, शेणकाला आणि निम्मं तूस असं मिश्रण करून परत रचलं. मुठीत दाबलं तर हात ओला व्हायला पाहिजे पण थेंब पडायला नको, हे माप.

१३ मे

६२! वास पण गेला. कुत्र्यांनी दोनदा चक्कर मारली आणि गेली. चिपाडाची दोन ट्रॉली आजच सांगून ठेवली, गुऱ्हाळं बंद झाली की नंतर मिळायची नाहीत.

२२ मे

दोन दिवस धो धो. वळीव म्हणायचा की मान्सून कळत नाही. लाईट नाही, शेडचे पडदे सोडून बसलोय. खड्ड्याकडं जायला झालं नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून २४ तारखेलाच केरळात पोचलाय आणि इथं पण तसाच कोसळतोय, आठवडाभर आधी. सकाळी मामा आणि मी खड्ड्यावर गेलो. ताडपत्री जाग्यावर, बांध जाग्यावर, वरून पाणी आत जायला वाट नाही. आणि आत चार फूट पाणी.

मी म्हटलं फटीतून गेलं असेल. मोटर लावून उपसलं, दुपारपर्यंत तळ दिसला. उतरून बघितलं तर सहा फुटावर, जिथं जांभा संपतो आणि चिकण माती सुरू होते, तिथनं चारी बाजूनं पाझर लागलेला, नळासारखा नव्हे, घाम आल्यासारखा. संध्याकाळी गुडघाभर. मंगळवारी सकाळी परत चार फूट (ही ओळ दुसऱ्या दिवशी लिहिली).

आता कळलं. विहिरीतलं पाणी बावीस फुटावरनं वर येईल एवढाच विचार मी करत होतो. पण जांभा म्हणजे चाळण, वरचा पाऊस त्यातनं सरळ खाली येतो आणि चिकण मातीवर थांबतो, मग उताराला आडवा चालायला लागतो. उतार तात्यांच्या विहिरीकडं आहे. आमच्या ११ टन कोंबड्या नेमक्या त्या पाझराच्या वाटेत, दहा फुटापासून पाच फुटापर्यंत, बसल्या असत्या. सुकं असताना काढलेला खड्डा पावसात हौद होतो, आणि हौदाचं तोंड दुसऱ्याच्या विहिरीत.

११० मीटर काय आणि ७० काय.

२८ मे

तात्यांकडं गेलो. मी काही बोलायच्या आधी त्यांनी चहा सांगितला. मग म्हणाले, ६१ साली त्यांच्या वडिलांनी विहीर काढली तेव्हा पण सहा फुटावरच पहिला झरा लागलेला, उन्हाळ्यात तो आटतो. मी म्हटलं तात्या मग मार्चमध्येच सांगायचं नाही होय? "सांगितलं की. श्रावणात ये म्हटलं. तू फोटो दाखवायला आलास."

१ जून, रविवार

पाचही जण बसून प्लॅन दोन भागांत केला.

डिसेंबर ते मे: पुरायचं, पण ओढ्याच्या पडात नाही. माळावर गायरानाची कड बघितलीय, जवळची विहीर साडेतीनशे मीटरवर, ४० फुटाच्या खाली पाणी. अडचण दोन. तिथला जांभा पाटासारखा कडक, नुसत्या बकेटनं होत नाही, ब्रेकर लागणार, म्हणजे वेळ तिप्पट धरायचा. आणि जागा सरकारी. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना अर्ज दिला, ते म्हणाले तहसीलदारांकडं पाठवावा लागेल, कन्नडमध्ये परत लिहून द्या. परत लिहून दिला. शिवाय तिथंसुद्धा ह्या पावसाळ्यात छोटा खड्डा काढून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, एकदा शहाणा झालोय.

जून ते नोव्हेंबर: खड्डा नाहीच. शेडमधीच कंपोस्ट. हे सुचलं मामांच्या मुलीला, ती म्हणाली रोग आल्यावर शेड नाहीतरी रिकामंच राहणार, नवी बॅच तीन महिने तरी टाकू देणार नाहीत, मग बाहेर काढायचंच कशाला? माझं शेड २०० बाय ३०. मधोमध बारा फूट रुंद आणि पाच-सव्वापाच फूट उंच ढीग रचला तर पक्षी, लिटर आणि वरून लागणारं ३० घनमीटर चिपाड-तूस मिळून साधारण ७० फूट लांबीत बसतं. डोक्यावर पत्रा आहे, पावसाचं पाणी लागत नाही, रोगट माल दारातून बाहेर पडत नाही, ट्रॉली नको, रस्ता नको, तात्यांची विहीर नको. चौदा दिवसांनी एकदा पलटी, परत चौदा दिवस.

शेडची जमीन मात्र कोब्याची पाहिजे. दोघांची मातीची आहे, त्यांना खाली जाड प्लास्टिक आणि दीड फूट चिपाड असं सुचवलंय, पूर्ण समाधान नाही माझं त्यानं.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांना पटलं, पण निर्णय त्यांच्या हातात नाही, पुरण्याची पद्धत सगळ्यांच्या सवयीची आहे, वरून लेखी परवानगी लागेल. कागद पाठवतो म्हणाले. थर्मामीटरचे रोजचे आकडे जोडून दिलेत.

८ जून

रंगीत तालीम. कोंबड्याऐवजी वाळूची पोती, २५० पोती, एका पोत्याला वीस पक्ष्यांचं वजन धरून. सहा माणसं, किट घालून. पंधरा मिनिटांत गॉगलवर वाफ, कुणाला काही दिसेना, एकजण फीडरला अडकून पडला. पोती रचून व्हायला साडेपाच तास, मधी दर चाळीस मिनिटाला बाहेर येऊन पाणी प्यावं लागलं. आणि किट काढताना चौघांनी आधी मास्क काढला, मग ग्लोव्हज, म्हणजे घाण हात सरळ तोंडाला. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांनी चौघांना परत घालायला लावलं आणि परत काढायला लावलं. आप्पा लांबून बघत होते, म्हणाले लग्नात नवरदेवाला पण एवढे कपडे बदलत नाहीत.

फूटबाथ (बूट बुडवायचं ब्लीचिंगचं पाणी) दारात नको, दाराच्या बाहेर चार पावलांवर पाहिजे. ब्लीचिंगचं पाणी रोज बदलायचं, चिखलानं त्याचा जोर जातो. हे आजच कळलं.

१५ जून, रविवार

चाचणी खड्डा आज बुजवला. उपसून, चिकण माती आधी खाली, जांभा वर, ज्या क्रमानं निघाली त्याच्या उलट क्रमानं. तात्या पूर्ण वेळ बांधावर छत्री घेऊन उभे होते.

परवानगीचा कागद अजून आलेला नाही. कंपनीचं "वरती विचारून सांगतो" अजून वरच आहे. चिपाड दोन ट्रॉली मामांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली, चुना तीस पोती पंचायतीच्या खोलीत, किट पंधरा. माझी नवी बॅच मंगळवारी येतेय.

विहिरींच्या पातळीची वही तात्यांनी स्वतःकडं घेतलीय, दर रविवारी अकराही विहिरी तेच फिरून मोजणार, दोरी त्यांची, दगड त्यांचा. लिहिता येतं पण लिहीत नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवतात. आत्ताच आला, मागं पावसाचा आवाज: "माझी, साडेसहा फूट. ओढ्याकडली दुसरी, पाच. तिसरीला दोरी सोडायची गरज नाही, हात लागतोय."